दोन थरांमधला तिसरा थर



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला पदार्थविज्ञान मराठीतून शिकविले. आधी वस्तू पाहावी, तिचे नाव मागाहून शिकावे, अशी त्यांची शिस्त होती. बडोद्याला ही शिस्त परकी नाही. १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले आणि त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी देशी भाषांतून तंत्रविद्या शिकविण्याचा ध्यास घेतला, हा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच वाटेने जाऊन माझ्या व्यवसायातील एका प्रश्नाची ओळख मी आज करून देणार आहे. कार्बन तंतूंच्या थरांपासून विमानाचे भाग घडवितात. हे थर एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक अतिशय पातळ थर घालतात. हा थर काय करतो, कधी करतो आणि कधी करीत नाही, एवढाच माझा विषय आहे.

कूड आणि कार्बन

कोकणातील जुन्या घरांचा कूड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कारव्यांची चौकट आणि तिच्यावर शेणामातीचा लेप. नुसती कारवी वाकते, नुसती माती भुगा होते. दोन्ही एकत्र आल्या की भिंत उभी राहते. अशा जोडपदार्थाला संमिश्र म्हणतात. विमानाच्या संमिश्रात कारवीच्या जागी कार्बनचे तंतू असतात आणि मातीच्या जागी इपॉक्सी राळ.

कार्बनचा तंतू साधारण ५ ते ७ सहस्रांश मिलिमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे दशांश असतो. तंतूंच्या दिशेने ओढले तर असे संमिश्र त्याच वजनाच्या पोलादाला किंवा ॲल्युमिनियमला सहज मागे टाकते. त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.६ पट आहे, तर विमानातील ॲल्युमिनियमची सुमारे २.८ पट. आपल्याकडेही या तंतूंचा इतिहास आहे. २०१० साली बडोद्याजवळच्या एका कारखान्यात, बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या तंत्राच्या आधारे, कार्बन तंतूंचे उत्पादन सुरू झाले होते.

भाग घडविण्याची रीत अशी. एकाच दिशेने पसरलेले तंतू राळेत भिजवून त्यांचा ताव तयार करतात. त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे आठवा हिस्सा असते. तंतू ज्या दिशेला आहेत त्याच दिशेला ताव बलवान असतो, म्हणून एक ताव उभा, एक आडवा, काही तिरपे अशी रचना करीत चोवीस, बत्तीस किंवा त्याहून अधिक ताव एकावर एक बसवितात. मग तो गठ्ठा बंद दाबभट्टीत ठेवून सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. राळ आधी पातळ होते, मग कायमची घट्ट बसते, आणि तावांची एक अखंड पट्टी होते.

अखंड म्हटले खरे, पण तंतूंच्या दृष्टीने ती अखंड नसते. प्रत्येक तंतू आपापल्या तावातच राहतो. एका तावातून दुसऱ्या तावात जाणारा तंतू एकही नसतो. दोन तावांना धरून ठेवणारी फक्त राळ असते, आणि ती काचेसारखी ठिसूळ असते.

वरून धडधाकट, आतून सुटलेले

घरी चिरोटे करताना दोन पोळ्यांमध्ये साटा लावतात. तुपाचा आणि पिठाचा तो लेप पोळ्यांना एकजीव होऊ देत नाही, म्हणून तळल्यावर चिरोट्याला पापुद्रे सुटतात. चिरोट्यात जे हवे असते, तेच विमानाच्या पंखात नको असते. कार्बनच्या पट्टीवर काही आपटले, एखाद्या कामगाराच्या हातून हत्यार पडले, धावपट्टीवरचा खडा उडून लागला, की पट्टी क्षणभर वाकते. तिच्यातील ताव वेगवेगळ्या दिशांचे असल्यामुळे एकसारखे वाकत नाहीत. एक ताव दुसऱ्यावर घसरू पाहतो आणि मधली राळ तडकते. या घटनेला इंग्रजीत डिलॅमिनेशन म्हणतात. मी तिला सरळ ‘थर सुटणे’ म्हणेन.

धातूच्या पत्र्याला धक्का बसला तर पोचा पडतो आणि तो डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या पट्टीवर मात्र जेमतेम दिसेल अशी खूण उमटते, आणि आत अनेक पातळ्यांवर थर सुटलेले असतात. माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, त्याच न्यायाने विमानाचे तंत्रज्ञ नाण्याने किंवा छोट्या हातोडीने पट्टी वाजवून पाहतात; सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. नेमका अंदाज घ्यायचा तर श्राव्यातीत ध्वनीची तपासणी करावी लागते.

थर सुटल्याने प्रत्यक्षात काय बिघडते? तंतू तर तुटलेले नसतात. पट्टी ओढली तर ती अजूनही पुष्कळ भार घेते. पण ती दाबली की गोष्ट बदलते. पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. एका पट्टीचे चार सारखे पातळ भाग सुटे झाले, तर प्रत्येक भागाचा विरोध मूळच्या चौसष्टाव्या हिश्शाइतका राहतो, आणि चारही मिळून सोळाव्या हिश्शाइतका. बांधलेले पुस्तक कडांकडून दाबून पाहा आणि मग त्याची सुटी पाने दाबून पाहा. सुटे थर असेच बाहेर फुगतात, फुगताना शेजारचे थर सोडवितात, आणि पट्टी अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भाराखाली मोडते.

या दुबळेपणाची किंमत मोठी होती. चांगला कार्बन तंतू मूळ लांबीच्या सुमारे दीड टक्का ताणला गेला तरी तुटत नाही. परंतु सुरुवातीच्या विमानरचनांत त्याला ०.३ ते ०.४ टक्क्याच्या पुढे जाऊ देत नसत, कारण आत न दिसणारी इजा असेल असे धरूनच आकडेमोड करावी लागे. एवढा महाग तंतू आणावयाचा आणि त्याच्या शक्तीचा चौथा हिस्साच वापरावयाचा, अशी ती अवस्था होती. तंतू कितीही सुधारला तरी हा हिशेब सुटत नव्हता, कारण मर्यादा तंतूत नव्हती. ती दोन तावांमधल्या राळेत होती.

आघाताला संमिश्र कसे तोंड देते, या प्रश्नाने एका नामांकित कंपनीलाही अडचणीत आणले होते. रोल्स-रॉइसने आपल्या आरबी २११ या विमानइंजिनासाठी कार्बन तंतूंची पंख्याची पाती केली होती. १९७० साली पक्ष्याच्या धडकेच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि त्यांच्या जागी टायटॅनियमची पाती घ्यावी लागली. इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या पडझडीची कारणे अनेक होती, सर्व दोष पात्यांवर घालणे योग्य नव्हे. पण बलवान पदार्थ आणि चिवट पदार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून सर्वांनी घेतला.

तड्याचा हिशेब

चिवटपणा मोजावयाचा कसा? त्याचे बीज ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. तडा पुढे सरकतो तेव्हा नवा पृष्ठभाग तयार होतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. ताणलेल्या पदार्थात साठलेली ऊर्जा हा खर्च भागवू शकली तरच तडा सरकतो. ग्रिफिथ फार्नबरोच्या ज्या संस्थेत काम करीत होता, तिच्याच पुढच्या पिढीने १९६०च्या दशकात बलवान कार्बन तंतू तयार करण्याची रीत सिद्ध केली, हा एक सुखद योगायोग आहे.

हा खर्च मोजण्याची चाचणी दिसावयास साधी असते. पट्टी घडवितानाच तिच्या मध्यभागी, एका टोकाकडे, न चिकटणाऱ्या पातळ पटलाचा तुकडा ठेवून देतात. तोच सुरुवातीचा तडा. मग त्या टोकाच्या दोन फाका दोन बाजूंना ओढतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी अशा शेकडो पट्ट्या ओढल्या. पट्टीच्या कडेला टंकलेखनातील चुका खोडण्याचा पांढरा द्रव लावायचा, त्यावर मिलिमीटरच्या खुणा करायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून तड्याचे टोक पाहत बसायचे. ठिसूळ राळेच्या पट्टीत तडा वाट पाहावयास लावीत नसे. टक् असा आवाज येई आणि तो एकदम पाच-दहा मिलिमीटर पुढे गेलेला असे. त्या पिढीच्या संमिश्रांत एक चौरस मीटर थर सोडविण्यास सुमारे १०० ते २०० जूल पुरत. एक किलोचा दगड दहा-वीस मीटर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा सोडतो, तेवढीच ही ऊर्जा. तीही पट्टीच्या तुकड्यासाठी नव्हे, तर पुऱ्या चौरस मीटरसाठी.

साहजिकच पहिला विचार असा आला की राळच चिवट करावी. रसायनज्ञांनी तिच्यात रबर मिसळून तिचा चिवटपणा कैक पटींनी वाढविला. पण ती राळ तंतूंमध्ये घालून चाचणी घेतली, तेव्हा या वाढीचा लहानसाच हिस्सा हाती लागला. बाकीचा गेला कुठे?

उत्तर जागेच्या प्रश्नात आहे. चिवट पदार्थात तड्याच्या टोकापुढे काही भाग आधी ताणला जातो, वितळल्यासारखा ओघळतो, त्यात सूक्ष्म पोकळ्या पडतात. या सर्व खटाटोपात ऊर्जा जिरते. राळेचा ठोकळा असेल तर हा भाग हवा तेवढा पसरू शकतो. संमिश्रात मात्र वरच्या आणि खालच्या तंतूंमधले अंतर काही सहस्रांश मिलिमीटरच असते. ताठ तंतूंच्या त्या चिमट्यात राळेला ओघळण्यास वावच मिळत नाही.

मधला थर काय करतो

येथे तिसऱ्या थराची कल्पना येते. सगळी राळ बदलण्याऐवजी, जेथे तडा जातो त्या दोन तावांच्या मध्येच चिवट बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, स्वतंत्र थर ठेवावा. तो तंतूंना एकमेकांपासून थोडे दूर करतो आणि तड्याच्या टोकाला ऊर्जा खर्च करण्यास जागा देतो. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकन सायनामिड या कंपनीने ही रीत पुढे आणली. तावांच्या आतली राळ ताठच राहते, त्यामुळे दाबाखाली तंतूंना आधार मिळतो. मऊपणा फक्त दोन तावांच्या सीमेवर येतो.

थर सुटतात ते दोन तऱ्हांनी. फाका उघडल्याप्रमाणे, किंवा एक ताव दुसऱ्यावर घसरून. चांगल्या मध्यस्तराने पहिल्या तऱ्हेचा विरोध अनेकदा दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. दुसऱ्या तऱ्हेतला लाभ सामान्यतः त्याहून मोठा असतो, कारण घसरताना मधला थर आपल्या सबंध जाडीने ताणला जातो. वरून आघात बसला की आत मुख्यतः घसरण घडते. म्हणून मध्यस्तराचा खरा उपयोग आघातानंतर दिसतो. त्याच धक्क्याने सुटलेले क्षेत्र लहान राहते आणि पट्टी अधिक दाब सोसते.

मात्र एक अट कडक आहे. मधला थर शेजारच्या राळेला घट्ट धरून असला पाहिजे. तडा नेहमी स्वस्त वाट शोधतो. पटल चिवट आहे पण राळेला नीट चिकटलेले नाही, अशी स्थिती असेल तर तडा पटलात शिरत नाही. पटल आणि राळ यांच्या सीमेवरून तो सरळ निघून जातो, आणि त्या पट्टीचा विरोध मध्यस्तर नसलेल्या पट्टीहूनही कमी भरू शकतो. तेव्हा तो थर साट्याचेच काम करू लागतो. प्रयोगशाळेत पट्टी मोडल्यावर आकड्यांपेक्षा आधी आम्ही तिचे दोन्ही पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असू. एका बाजूला गुळगुळीत पटल आणि दुसऱ्या बाजूला त्याचा स्वच्छ ठसा दिसला की समजावे, थर जोडला गेलाच नव्हता. दोन्हीकडे ओढलेले, फाटलेले, पांढुरके धागे दिसले तर थराने आपले काम केले आहे.

पटल, कण आणि जाळी

हा थर बसविण्याच्या तीन मुख्य रीती आहेत.

पहिली, सलग पटल. ती सोपी, पण जड. हिशेब करून पाहू. २४ तावांची पट्टी ३ मिलिमीटर जाडीची असते आणि तिच्यात २३ सीमा असतात. प्रत्येक सीमेवर २५ सहस्रांश मिलिमीटरचे पटल घातले तर जाडी ०.५७५ मिलिमीटरने आणि वजन साधारण १५ टक्क्यांनी वाढते. वजन वाचविण्यासाठी कार्बन घ्यावयाचा आणि वाचविलेले वजन पटलांत घालवावयाचे, हे परवडत नाही. म्हणून पटले सर्वत्र न घालता कडा, छिद्रे आणि जाडी बदलण्याच्या जागा अशा धोक्याच्या ठिकाणीच घालतात.

दुसरी रीत जपानच्या तोरे कंपनीने यशस्वी केली. राळेत चिवट प्लास्टिकचे बारीक कण मिसळतात. हे कण तंतूंमधल्या फटींपेक्षा मोठे असतात. भट्टीत राळ पातळ होऊन तंतूंत शिरते, पण कण शिरू शकत नाहीत. चहाच्या गाळणीवर पत्ती राहावी तसे ते तावाच्या पृष्ठभागावरच अडकतात. वेगळे पटल न घालताच मधला थर आपोआप तयार होतो. या पद्धतीचे संमिश्र बोइंग ७७७च्या शेपटीत वापरले गेले. त्या विमानाचे पहिले उड्डाण जून १९९४मध्ये झाले. पुढे बोइंग ७८७मध्ये, ज्याच्या रचनेच्या वजनाचा सुमारे अर्धा हिस्सा संमिश्रांचा आहे, हीच परंपरा चालू राहिली. त्याच ७७७साठी घडविलेले जीई ९० हे इंजिन १९९५ साली सेवेत आले, तेव्हा त्याच्या पंख्याची पाती चिवट केलेल्या इपॉक्सीतील कार्बन तंतूंची होती आणि त्यांच्या पुढच्या धारेला टायटॅनियमचे कवच होते. १९७० साली जे साधले नव्हते, ते पंचवीस वर्षांनी साधले.

तिसरी रीत झिरझिरीत जाळीची. नायलॉनसारख्या बहुवारिकाचे अतिसूक्ष्म तंतू विद्युत्क्षेत्राच्या साहाय्याने कातून तावावर पसरतात. अशा जाळीचे वजन दर चौरस मीटरला ५ ग्रॅम धरले तरी ते तावाच्या, म्हणजे सुमारे २०० ग्रॅमच्या, अडीच टक्केच भरते. जाळी सच्छिद्र असल्याने राळ तिच्यातून आरपार जाते आणि चिकटण्याचा प्रश्न बराच हलका होतो. तडा पुढे सरकला की सूक्ष्म तंतू त्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात.

गोधडीला घालतात तसे टाके घालून ताव एकमेकांना शिवण्याचीही रीत आहे, आणि ती थर सुटण्यास प्रभावी विरोध करते. पण प्रत्येक टाका तावातील तंतूंना थोडे वाकवितो, काही तोडतो. मध्यस्तराचे वैशिष्ट्य हे की तो तंतूंना हात लावत नाही.

देणे-घेणे

तरीही तो फुकट मिळत नाही. जाडी वाढली की तेवढ्याच जाडीत तंतू कमी बसतात. काही प्लास्टिके उष्णतेत आणि दमट हवेत नरम पडतात. नायलॉन पाणी शोषते. म्हणून पट्टी कोरडी आणि थंड असताना मिळालेल्या आकड्यांवर विसंबता येत नाही; ती ओली आणि गरम करून पुन्हा मोडावी लागते. मधला थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे विमानावर वीज कोसळली असता ती पट्टीच्या जाडीतून वाट काढण्यास अडते, आणि बाहेरून तांब्याची किंवा तत्सम धातूची जाळी घालावी लागते. आणखी एक गोष्ट तरुण अभियंत्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. एकदाच ओढून मोडण्याच्या चाचणीत जेवढा लाभ दिसतो, तेवढा लाभ लाखो वेळा लहान लहान भार आल्यावर राहत नाही. हळूहळू सरकणाऱ्या तड्याच्या टोकापुढे ताणला जाणारा भाग लहान असतो, म्हणून मधल्या थराची सगळी जाडी त्याच्या विरोधात कामाला येत नाही.

अलीकडे या थराकडून आणखी एक काम करवून घेण्याचा प्रयत्न चालला आहे. एथिलीन आणि मेथाक्रिलिक आम्ल यांच्यापासून केलेले एक बहुवारिक तापविल्यावर वितळते आणि थंड झाल्यावर पुन्हा धरून बसते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ते संमिश्रात मिसळून दाखविले की सुटलेले थर उष्णतेने पुन्हा जोडता येतात. २०२२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या गटाने हेच बहुवारिक तावांवर नक्षीसारखे छापले, पट्टीत विजेने तापणारी पटले बसविली आणि पट्टी जागेवरच पुनःपुन्हा जोडून दाखविली. हे काम प्रयोगशाळेतील आहे. प्रवासी विमानाच्या पंखात ते येण्यापूर्वी उष्णता, ओलावा आणि वर्षानुवर्षांचे भार यांची परीक्षा त्याला द्यावी लागेल.

माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण आज कारखान्यांत अशा वस्तू घडवितात किंवा तपासतात. त्यांना मी एवढेच सांगेन की मध्यस्तर आला म्हणून तपासणी संपली, असे समजू नये. विमानाची रचना आजही, न दिसणारी इजा आत आहेच, असे गृहीत धरून करतात, आणि तशा इजेसह पट्टीने ठरलेला भार पेलला पाहिजे असा नियम आहे. तिसरा थर इजा लहान ठेवतो आणि तिची वाढ अडवितो; ती शोधण्याचे काम माणसाकडेच राहते. नाणे वाजवून पाहणारा तो तंत्रज्ञ, ध्वनीची तपासणी करणारा त्याचा सहकारी आणि पट्टी मोडून तिचे पृष्ठभाग पाहणारा प्रयोगशाळेतील कर्मचारी, यांच्यावर आपण विमानात बसताना विसंबत असतो.

शाळेतील मुलांसाठी एक काम देऊन थांबतो. पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या घ्या. एका जोडीत डिंक लावून तो पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या जोडीत सायकलच्या पंक्चरचे रबरी द्रावण लावा. दोन्ही जोड्या टोकाकडून हळूहळू उघडा, कोणती जोडी कशी सुटते ते पाहा, आणि सुटलेले पृष्ठभाग भिंगाखाली तपासा. काय दिसले ते आपल्या शब्दांत लिहून काढा आणि विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.